चिमणी, विमान आणि आपण

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. नव्वद मीटरच्या आसपास उंचीची ती चिमणी काही क्षणांत होत्याची नव्हती झाली. टीव्हीवर दिवसभर तेच दृश्य दाखवत होते. कारण एकच. होटगी रोडवरच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत ती येत होती.

या चिमणीवरून सोलापुरात वर्षानुवर्षं वाद चालला. शहरातले व्यापारी, उद्योजक म्हणत होते, विमान नाही म्हणून सोलापूर मागं पडलं. कारखान्याचे सभासद शेतकरी म्हणत होते, चिमणी पाडली तर आमच्या उसाचं काय? कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे झाले, शेवटी चिमणी गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं.

आता तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या गोष्टी आम्हाला कशाला? पण मैत्रिणींनो, तुळजापूरहून सोलापूर अवघं पंचेचाळीस किलोमीटर आणि धाराशिवहून साधारण सत्तर. म्हणजे आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात जवळचं चालू विमानतळ हेच! आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका मावशींनी हसत हसत विचारलं, "ताई, इमान आलं म्हंजे आपल्याला काय? आपण तर यष्टीत बी उभं राहूनच जातो!"

सगळ्या हसल्या. पण मावशींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विमान आलं की विकास आला, असं आपण ऐकतो. तो विकास कुणाच्या दारात उतरतो, त्याची किंमत कोण मोजतं आणि त्यात आपल्या लेकीबाळींना काय मिळू शकतं, हे आपणही समजून घ्यायला नको का?

टपालाची पिशवी ते मोठी बाजारपेठ

आपल्या देशातल्या विमानसेवेची सुरुवात माणसांनी नाही, पत्रांनी झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक छोटं विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. विमानात टपालाच्या पिशव्या होत्या. पुढे १९४६ मध्ये याच कंपनीची एअर इंडिया झाली.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून हैदराबादेत 'डेक्कन एअरवेज' नावाची विमान कंपनी निघाली होती. उस्मानाबादच्या आपल्या आजी-पणजींना त्याचा पत्ताही नसेल, पण ज्या राज्याला त्या सारा भरत होत्या त्या राज्याची ती कंपनी! आणि गंमत बघा, प्रेम माथुर नावाच्या तरुणीला व्यावसायिक वैमानिक म्हणून पहिली संधी दिली ती याच डेक्कन एअरवेजनं. तोपर्यंत बाकीच्या कंपन्यांनी तिला नाकारलं होतं. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसतील का, अशी त्यांना धास्ती! प्रवासी बसले, विमानं उडाली.

१९५३ मध्ये सरकारनं सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. देशांतर्गत प्रवासासाठी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशासाठी एअर इंडिया. चाळीस वर्षं हेच चाललं. १९९४ मध्ये कायदा बदलला आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली आणि स्वस्त तिकिटांची लाट आली. तोवर विमान म्हणजे फक्त साहेबलोकांचं, असं समीकरण होतं. ते मोडलं.

आज देशांतर्गत विमान प्रवासात भारत जगातल्या पहिल्या तीन देशांत आहे. २०२४ या एका वर्षात देशातल्या देशात १६ कोटींहून अधिक प्रवाशांची नोंद झाली. मात्र एकच माणूस वर्षात दहा वेळा गेला तरी तो दहा वेळा मोजला जातो. म्हणजे प्रत्यक्षात विमानात बसणारी माणसं त्याहून कितीतरी कमी.

तिकिटाचा हिशेब

घर चालवणाऱ्या बाईला हिशेब शिकवावा लागत नाही. तेव्हा आता थोडं पैशांचं बोलू.

विमान कंपनी चालवणं म्हणजे आतबट्ट्याचा धंदा. सगळ्यात मोठा खर्च इंधनाचा. इंधनाचे भाव जगाच्या बाजारात ठरतात, विमानांचं भाडं डॉलरमध्ये द्यावं लागतं आणि गिऱ्हाईक मात्र शंभर रुपये कमी दिसले की दुसरीकडे वळतं. म्हणून मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली तेव्हा वीस हजारांच्या आसपास नोकऱ्या टांगणीला लागल्या. त्या प्रत्येक पगारामागे एक घर होतं, घराचा हप्ता होता, मुलांची फी होती.

सरकारी एअर इंडियाचीही तीच गत. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटांकडे गेली. व्यवहार अठरा हजार कोटींचा झाला. त्यातले रोख फक्त २,७०० कोटी, बाकी टाटांनी पत्करलेलं कर्ज. उरलेलं सुमारे ४६ हजार कोटींचं कर्ज सरकारच्याच माथी राहिलं. घर विकलं, पण कर्जाचा मोठा वाटा आपल्याच वहीत राहिला, असं म्हणा ना! सरकारच्या वहीत म्हणजे तुमच्या-माझ्याच वहीत. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर आपणही भरतोच की.

लहान गावांना विमान मिळावं म्हणून केंद्र सरकारनं २०१६ मध्ये 'उडान' योजना आणली. पहिली विमानं एप्रिल २०१७ मध्ये उडाली. त्यात शिमल्याबरोबर आपलं नांदेडही होतं. या योजनेत विमानातल्या साधारण निम्म्या जागांचं भाडं बांधून दिलं जातं. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ठरले होते. एवढ्या कमी भाड्यात कंपनीला जो तोटा होतो तो भरून दिला जातो. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावतात आणि राज्य सरकारही आपला वाटा घालतं. सोलापूर-मुंबई विमानासाठीही राज्य सरकारनं असा तोटा भरून देण्याचं ठरवलं.

यात गैर काय? काहीच नाही. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट लागतं, त्याचे उरलेले पैसेही सरकारच भरतं. सवलत वाईट नसते. फक्त ती कुणाच्या हाती पडते आणि किती दिवस टिकते, ते बघायचं.

टिकण्याचंच बोलायचं तर महालेखापरीक्षकांचा, म्हणजे 'कॅग'चा २०२३ चा अहवाल डोळे उघडणारा आहे. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि सवलत संपल्यावरही चालू राहिले फक्त ५४! नांदेडकरांनी हे अनुभवलंय. ज्या कंपनीनं सेवा सुरू केली तिचाच कारभार काही वर्षांनी थांबला आणि २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमानं येईपर्यंत वाट बघावी लागली.

आपल्या धाराशिवलाही धावपट्टी आहे, बरं का! २००९ मध्ये राज्य सरकारनं नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद अशी पाच विमानतळं दीर्घ मुदतीच्या करारानं एका खासगी उद्योगसमूहाकडे दिली होती. उस्मानाबादहून नियमित प्रवासी विमान काही सुटलं नाही. धावपट्टी असणं आणि विमान येणं यात केवढं अंतर असतं, हे समजायला आपल्याला दुसरीकडे जायची गरज नाही.

आणखी एक. आज देशातले साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या, इंडिगोच्या, विमानांतून जातात. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले, कंपनीकडे तेवढे वैमानिक नव्हते आणि डिसेंबरमध्ये काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. लग्नाला निघालेले, दवाखान्यात निघालेले, सगळे विमानतळावर अडकले. बाकी कंपन्यांची भाडी एवढी भडकली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. गावात एकच किराणा दुकान असलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. तसंच हे!

पस्तिशीत घरी जा!

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते हवाई सुंदरी. छान साडी, नीट बांधलेले केस, हसरा चेहरा. पण त्या हसऱ्या चेहऱ्यामागे केवढी लढाई होती, ते मला वाचल्यावरच कळलं.

एअर इंडियाच्या नियमांप्रमाणे हवाई सुंदरीनं पस्तिशीला निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली. आणि पहिल्यांदा दिवस राहिले तरीही नोकरी गेली! पुरुष कर्मचाऱ्यांना मात्र यातलं काहीच नाही, ते अठ्ठावन्न वर्षांपर्यंत नोकरीत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. १९८१ मध्ये निकाल लागला. गरोदरपणामुळे नोकरीवरून काढणं हा स्त्रीत्वाचा अपमान आहे, असं सांगून न्यायालयानं तो नियम रद्द केला. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयानं तेव्हा कायम ठेवली. लढाई एका फटक्यात जिंकली गेली नाही, पण वाट तर फुटली. आज बँकेत, शाळेत, कारखान्यात बाळंतपणाची रजा मागताना आपली मान ताठ असते, त्यामागे अशा अनेक जणींची पुण्याई आहे.

१९८५ मध्ये सगळा चमू महिलांचाच असलेलं इंडियन एअरलाइन्सचं पहिलं विमान कोलकाता-सिल्चर मार्गावर उडालं. त्याच्या कप्तान होत्या सौदामिनी देशमुख. आपलं मराठी नाव! आज भारतातल्या वैमानिकांत महिला साधारण पंधरा टक्के आहेत. जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे या बाबतीत आपण अमेरिका-युरोपच्याही पुढे आहोत. एरवी आपण कुठल्या यादीत पुढे असतो ते सांगायला नको, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण एक सांगते. वैमानिक होण्याचा खर्च पन्नास लाखांच्या घरात, कधी त्याहून जास्त. कळंब-परांड्याच्या शेतकऱ्याच्या मुलीला तो कसा झेपणार? म्हणून विमानतळावरच्या दुसऱ्या नोकऱ्याही आपल्या मुलींना माहीत हव्यात. विमानांना रस्ता दाखवणारे हवाई वाहतूक नियंत्रक असतात. त्यांची भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण परीक्षा घेऊन करतं. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेली किंवा इंजिनिअर झालेली मुलगी ती देऊ शकते. विमान दुरुस्तीचं शिक्षण आहे, सुरक्षा दलातली भरती आहे, तिकीट आणि सामान तपासणीचं काम आहे. वैमानिकच व्हायचं असेल तर रायबरेलीजवळ सरकारी उडाण अकादमी आहे आणि आपल्या गोंदियालाही प्रशिक्षण संस्था आहे.

मात्र सावधान! तालुक्याच्या गावात चकचकीत बोर्ड लावून 'विमानतळावर नोकरीची हमी' म्हणत लाखभर फी घेणाऱ्या संस्था असतात. फी भरण्याआधी संस्थेला कुणाची मान्यता आहे, मागच्या वर्षीच्या मुली आज कुठे कामाला आहेत, त्यांचे फोन नंबर द्या, एवढं विचारा. जी संस्था टाळाटाळ करते, तिथून उठा. दागिना मोडून फी भरायची तर एवढं विचारायचा आपला हक्क आहे.

या नोकरीत जोखीमही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी एकच प्रवासी वाचला. त्या विमानात सेवा देणाऱ्या मुलींमध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या साध्या घरांमधल्याही होत्या. त्यांच्या आयांनी त्यांना केवढ्या कौतुकानं निरोप दिला असेल! तेव्हा स्वस्त तिकिटाआधी सुरक्षितता, हे कंपन्यांनाही आणि सरकारलाही सारखं बजावत राहिलं पाहिजे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम म्हणूनच महत्त्वाचे. विमानं रद्द झाली म्हणून ते सैल करा म्हणणं सोपं असतं, पण झोप न झालेला ड्रायव्हर आपण आपल्या जीपलाही ठेवत नाही.

अडल्या वेळी कोण धावतं?

विमानसेवेचा खरा आधार कळतो तो संकटात. १९९० मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला तेव्हा तिथे पोटासाठी गेलेली लाखभर भारतीय माणसं अडकली. एअर इंडियानं ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसांना जॉर्डनमधल्या अम्मानहून घरी आणलं. विमानानं माणसं सोडवून आणण्याचा तो जगातला विक्रम ठरला. मे २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत 'वंदे भारत' मोहिमेतही सरकारी एअर इंडियाच पुढे होती.

मग एअर इंडिया विकल्यावर काय? २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला. तिथे डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली हजारो मुलं अडकली, त्यात महाराष्ट्रातली पुष्कळ होती. तेव्हा सरकारच्या सांगण्यावरून खासगी कंपन्यांची विमानं गेली, हवाई दलाची गेली आणि मुलं परत आली. म्हणजे कंपनी कुणाची यापेक्षा सरकारचा हात तिच्यावर आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनाची लस पुण्याहून देशभर गेली तीही विमानांनीच. विमानात कधी न बसलेल्या माणसालाही विमान असं उपयोगी पडतं. मावशींच्या प्रश्नाचं हे एक उत्तर.

माळढोकचा माळ आणि उसाचं पाणी

आता दुसरी बाजू. आकाशात पांढरी रेघ ओढत विमान जातं तेव्हा पोरं टाळ्या पिटतात. जगात जेवढा कार्बन वायू माणसं हवेत सोडतात, त्यातला साधारण अडीच टक्के विमानांचा. आकडा लहान वाटतो. पण जगातली बहुतेक माणसं वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत. म्हणजे थोड्यांचा प्रवास आणि सगळ्यांना ताप. पाऊस लहरी झाला, गारपीट अवेळी आली की त्याचा पहिला फटका बसतो तो आपल्यासारख्या कोरडवाहू भागाला. आपल्याकडच्या बायांनी आशेनं मान वर करून विमान शोधलं ते दुष्काळातच. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये औरंगाबादहून उडणारी विमानं कृत्रिम पावसासाठी ढगांवर फवारणी करत होती!

मग जमिनीचा प्रश्न. सोलापूरजवळ बोरामणीला मोठं आंतरराष्ट्रीय विमानतळ करायचं म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. पण मध्ये वनखात्याची जमीन आली, माळढोक पक्ष्याचा अधिवास आला आणि काम अडकलं. माळढोक हा आपल्या माळरानाचा राजा. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य त्याच्याचसाठी, पण आता तो तिथेही दिसेनासा झालाय. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्यासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली. पुरंदर तालुक्यातल्या सात गावांचे लोक अंजीर-सीताफळाच्या बागा वाचवण्यासाठी झगडले. मे २०२५ मध्ये ड्रोननं मोजणी करायला अधिकारी आले तेव्हा तिथल्या बायाही रस्त्यावर उतरल्या होत्या. मोबदल्याचा धनादेश येतो तो सातबारावर नाव असलेल्याच्या नावानं. आणि सातबारावर बाईचं नाव किती घरांत असतं, ते तुम्हीच आठवून बघा. शेतात राबायला बाई, बाग जपायला बाई आणि पैसे आले की मात्र तिला कुणी विचारत नाही. म्हणून विमानतळ असो, रस्ता असो, धरण असो, सातबारावर आपलं नाव लागलेलं असणं ही पहिली गोष्ट.

आता एक नवीनच बातमी आपल्या उसाशी जोडलेली. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एक विमान गेलं. त्याच्या इंधनात देशात तयार झालेलं जैवइंधन थोडं मिसळलेलं होतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं ते तयार केलं होतं. उसाच्या मळीपासून इथेनॉल आणि इथेनॉलपासून विमानाचं इंधन, अशी ही वाट. परदेशी जाणाऱ्या विमानांत २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन टक्के आणि २०३० मध्ये पाच टक्के असं इंधन मिसळायचं, असं देशानं ठरवलंय. म्हणजे ज्या कारखान्याची चिमणी विमानाला नको होती, त्याच कारखानदारीचा माल विमानाला हवासा होणार!

ऐकायला छान आहे. उसाला भाव मिळेल, कारखाने चालतील. पण आपल्या जिल्ह्यात उसाला पाणी कुठलं? २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलेलो नाही. ऊस वर्षभर पाणी पितो. बोअर आटला की घागर घेऊन लांब जायचं ते बाईनंच. विमानाचा धूर कमी करण्यासाठी आपल्या विहिरीचं पाणी जाणार असेल तर तो पर्यावरणाचा फायदा म्हणायचा का? मळी तर साखर करताना निघतेच, तिचा उपयोग होऊ द्या. ज्वारीच्या धाटापासून, शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करण्याचे प्रयत्न आहेत, ते आपल्या भागात यावेत. पण त्यासाठी नव्यानं उसाचं क्षेत्र वाढवा, असं कुणी म्हणालं तर आधी पाण्याचा ताळेबंद मागायला हवा.

आपण काय मागायचं?

विमान नको, असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुळजाभवानीच्या दर्शनाला कर्नाटक, तेलंगण, गोव्याहून लाखो लोक येतात. त्यातले काही विमानानं सोलापूरला उतरले तर आपल्या जिल्ह्यात चार पैसे येतील. आजारी माणसाला मुंबईला लवकर नेता येईल. मुलाखतीला निघालेल्या मुलीचा दिवस वाचेल. पण हे आपोआप होत नसतं, मागावं लागतं.

पहिली मागणी, विमानाच्या वेळेला जोडून सोलापूर विमानतळ ते तुळजापूर, धाराशिव एसटी हवी. नाहीतर विमानातला भाविक टॅक्सीनं येऊन दोन तासांत परत जाईल. दुसरी, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे. साधारण ८४ किलोमीटरच्या या मार्गाचं भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये झालं. विमानात बसणाऱ्यांपेक्षा या रेल्वेत बसणाऱ्या बाया कितीतरी पटीनं जास्त असतील. विमानाच्या कौतुकात रेल्वेचा विसर पडायला नको.

तिसरी मागणी खास बचत गटांसाठी. विमानतळ प्राधिकरणानं २०२२ मध्ये 'अवसर' नावाची योजना सुरू केली. तिच्यात विमानतळावर महिला बचत गटांना आपला माल विकण्यासाठी पंधरा-पंधरा दिवस पाळीपाळीनं जागा दिली जाते. सोलापूरचं विमानतळ याच प्राधिकरणाचं. मग तिथे भूम-परांड्याच्या खव्याचे पेढे, तुळजापूरच्या कवड्यांच्या माळा, आपल्या ज्वारीच्या पापड्या, शेंगाची चटणी का असू नये? आपल्या तालुक्याच्या उमेद अभियानाच्या कार्यालयात जाऊन एक अर्ज तर करू या. फार तर नाही म्हणतील.

आणि चौथी, हिशेबाची. विमानाच्या सवलतीवर किती पैसे खर्च झाले, किती जागा भरल्या आणि सवलत संपल्यावर पुढे काय, हे दरवर्षी जाहीर व्हावं. एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा आकडा जसा सगळ्यांना सांगितला जातो, तसाच विमानाचाही सांगावा. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात येऊन "आम्ही विमान आणलं" म्हणाले, तर मावशींचाच प्रश्न त्यांना विचारा, "बरं झालं दादा. पण त्यात आमच्या गावच्या किती पोरींना काम लागलं?"